धोपाव्याची फेरी

दाभोळहून धोपाव्याला दहा मिनिटं.
म्हणजे एक बिडी, सावकाश ओढली तर.
वीस वर्षं मी ही खाडी अशीच मोजली:
दोर सोडला की शिलगावायची,
पलीकडचा धक्का आला की थोटूक पाण्यात,
मग गाड्यांना हात करायचा,
या, या, डावीकडे, बस.

सोमवारी माझं बंडल दिलावरभाईच्या हातात दिलं,
त्याने त्याचं माझ्या.
इंजिनाच्या केबिनमागे उभे होतो,
नवे व्याही उभे राहतात तसे अवघडून.
"टाकू?"
"टाक."
बिडीचं बंडल लगेच बुडत नाही, हे तेव्हा कळलं.
ओहोटीवर दोन्ही बंडलं अंजनवेलच्या बाजूला निघाली,
आणि आम्ही, पोरीला सासरी धाडल्यासारखे,
दिसेनाशी होईतो बघत राहिलो.

पहिल्या दिवशी काही नाही. थोडा रुबाबच.
दुसऱ्या दिवशी एका मोटारवाल्याशी भांडलो,
त्याच्याकडे सुट्टे नव्हते एवढ्यावरून.
तिसऱ्या दिवशी पहाटे मतलई सुटली
आणि माझे हात
आपले आपणच तोंडाशी गेले, ओंजळ करून,
काडी विझू नये म्हणून करतात तशी.
आत काडी नाही.
काहीच नाही.
त्या ओंजळीत बघत उभा राहिलो
आणि दोर सोडायचा राहिला.

दिलावरने भोंगा दिला. मग स्वतःच खाली आला,
ओंजळीत आमसुलं टाकली, चार.
"चघळ. धक्का येईतो चघळ.
धक्का आला की बघू."

धक्का आला.
काय बघायचं होतं ते विसरलो.
पुढच्या फेरीला पुन्हा आठवलं.

(खिशावर आता लाल डाग आहे.
बायकोने विचारलं, रक्त कसलं हे?)

सकाळच्या दुसऱ्या फेरीला गजराक्का असते,
पाटीला टेकून, मांदेलीवर ओलं फडकं टाकून.
मिश्री सोडून तिला अकरा वर्षं झाली.
आमची तोंडं बघूनच म्हणाली,
"तिसरा दीस ना? वायट असतो मेला.
मी तिसऱ्या दिसाला चुलीतली राख लावली हुती दातांना."
आणि हसली.
दात अजून काळेच आहेत तिचे.

पाचव्या दिवशी डिझेलच्या पिंपामागून
आधी वास आला, मग दिलावर.
मुलाचा कुवेतहून फोन होता, ईदला येत नाही म्हणून.
मी काही बोललो नाही.
खरं सांगतो, राग नाही आला.
पहिलं मनात आलं ते हे,
की अर्धी उरली असेल का.

तिकिटाच्या खोपटामागे खडूचे दांडे होते,
दोघांचे मिळून चार.
मी फडकं उचललं. तुझा पहिला, तर माझाही पहिला.
गजराक्का पाटीसकट वळली,
"फडकं ठेव, मेल्या!
चार ते चार. ते काय उधार आणलेले हायत?
तुझे तुला असूंदेत. त्याचा खाली येगळा काढ, उद्यापास्नं."
"उद्यापासून नाही," दिलावर म्हणाला.
खडू घेतला माझ्या हातून,
पण दांडा ओढला नाही, कानामागे खोवला.
"रात्री ओढतो. कमावला तर."

शेवटच्या फेरीला गाडी एकच,
बर्फाचा टेंपो, पाणी गळत होतं.
पलीकडच्या धक्क्यावर अंधारात कुणीतरी काडी ओढली.
एक गाल, अर्धी मिशी,
मग नुसता लाल ठिपका, मोठा होणारा, बारीक होणारा.
दोघांनी बघितला.
दहातली सहा मिनिटं बाकी होती.

दिलावरने वरच्या खिडकीतून हात खाली सोडला.
मी खिसा चाचपला. आमसूल एकच.
दाताने तोडलं,
आणि मोठा तुकडा कुणाचा
यावर धक्का लागेपर्यंत भांडलो.